छातीत कळ आली, तर बाईनं कुणाला विचारायचं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस जालना शहरात ख्रिसमस करंडकाचे क्रिकेट सामने चालू होते. बाहेरगावाहून आलेला एक तिशीतला खेळाडू खेळता खेळता मैदानावर कोसळला आणि वाचला नाही. सामन्याचं चित्रण चालू होतं, त्यामुळे ती चित्रफीत देशभर फिरली. जालन्यात पुढे कितीतरी दिवस चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत तोच विषय होता. तरणाताठा माणूस असा कसा गेला, शेजारच्यांना छाती दाबता येत असती तर, मैदानावर यंत्र असतं तर.

अशी चर्चा व्हायलाच हवी. मला खटकलं ते वेगळंच. हार्ट अटॅकचं जे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते पुरुषाचं आहे. तो मैदानावर पडतो, जिममध्ये पडतो, भाषण करताना पडतो, वरातीत नाचताना पडतो. त्याच्याभोवती चारचौघं असतात. बाई चुलीपुढे पडते, मोरीत पडते, कापसाच्या शेतात पडते. आणि पडण्याआधी सहा-आठ तास ती ‘जरा बरं वाटंना’ म्हणत काम ओढत असते. त्या सहा-आठ तासांची चित्रफीत कुणाकडे नसते. मला बोलायचंय ते त्या तासांबद्दल, कारण प्रथमोपचार म्हणून जे काही आहे त्याचा मोठा भाग छाती दाबण्याच्या आधीच करायचा असतो, आणि नेमका तोच आपल्याला कुणी शिकवलेला नाही.

मी अंबड, घनसावंगी भागात बचत गटांच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बैठका घेत फिरते. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका गटातली बाई गेली. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर, ती स्वतःही नेमकं सांगू शकली नसती. नाव देत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. दिवाळीनंतरची कापूस वेचणी चालू होती. अकराच्या सुमारास तिच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. मग जबडा धरल्यासारखा झाला. घाम इतका आला की सोबतची म्हणाली, थंडीच्या दिवसांत तुला घाम कसला? ती म्हणाली, काई नाई माय, पित्त उसळलंय. दुपारनंतर दोनदा उलटी झाली, त्यामुळे पित्ताचं शिक्कामोर्तबच झालं. तरी कापूस मोजून दिल्याशिवाय ती शेतातून हलली नाही, कारण मजुरी किलोवर. घरी येऊन तिनं लिंबू-सोडा घेतला, ओवा चावला, आणि भाकरी टाकल्या. सासूनं मीठ-मिरची ओवाळून टाकली. मालक बाजारच्या गावी गेलेले, त्यांना यायला रात्रीचे दहा झाले. ते म्हणाले, सकाळी बघू. पहाटे तिला उठून बसवेना, तेव्हा जीप केली. दवाखान्यात पोचेपर्यंत अठरा-एकोणीस तास उलटून गेले होते. तिथं जे काही होऊ शकत होतं त्याची वेळ टळली होती. गावात म्हणतात, झटका आला आणि गेली.

हे मला तिच्या जावेनं सांगितलं, सारवण करता करता, एकेक तास मोजत. त्या घरात दुष्ट कुणी नव्हतं. सासू रात्रभर उशाशी बसली होती. फक्त या सगळ्याला नाव काय, हे घरात, शेतात, आळीत एकालाही माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी गाडी बोलवायचा हुकूम कुणाचा, हा दुसरा प्रश्न होताच.

आपल्याकडे बाईचं आरोग्य म्हटलं की गर्भाशयाच्या वर कुणी बघत नाही. स्त्री रुग्णालय म्हणजे बाळंतपण, शिबिर म्हणजे नसबंदी, तपासणी म्हणजे पाळी आणि पिशवी. आपल्या चळवळीनं याविरुद्ध पुष्कळ लिहिलं, भांडलं, आणि बाळंतपणातल्या मरणांचा हिशेब मागितला. त्याचा उपयोग झाला. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण ३३ वर आलं. आज बाळंतीण गेली की चौकशी होते. उशीर घरी झाला, वाटेत झाला की दवाखान्यात झाला, असे तीन सरळ प्रश्न विचारले जातात. आपल्या देशात बायकांच्या मरणाचं पहिलं कारण आज हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. पण पंचेचाळिशीची बाई छातीच्या दुखण्यानं गेली, तर ते तीन प्रश्न कुणी विचारत नाही. वर तिच्या वयाला जोडून बोलायची रीत आहेच: पाळी जायचं वय, असं होतंच.

पाळीचा संबंध आहे, पण तो असा नाही. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाला थोडं संरक्षण असतं, पुढे ते कमी होतं. आणि आपल्याकडे ते संरक्षण वेळेआधी काढून घेतलं जातं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आपल्या अंबड-घनसावंगीच्या बायकाही त्याच उसाच्या फडात जातात. पिशवीबरोबर बीजकोशही लहान वयात काढले, तर हृदयविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. ऑपरेशनच्या वेळी ते कुणी सांगितलं का, हे बैठकीत विचारून बघा. त्यात मिसरी आणि तंबाखू, चुलीचा धूर, कधीच न मोजलेलं ब्लडप्रेशर, न कळलेली साखर. शिवाय आपल्या भागातल्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडच्या माणसांना पहिला झटका इतर जगापेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं लवकर येतो. तेव्हा हे साठी-सत्तरीच्या शहरी शेठजीचं दुखणं आहे, हे आधी डोक्यातून काढून टाकू या.

लक्षणांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ‘बायकांना छातीत दुखतच नाही’ असं हल्ली ऐकू येतं, ते बरोबर नाही. बायकांनाही सगळ्यात जास्त वेळा छातीतच त्रास होतो. पण तो सिनेमातल्यासारखा छातीवर हात मारून खाली पडण्याइतका स्पष्ट नसतो. दाब येतो, आवळल्यासारखं होतं, छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतं. आणि त्याच्याबरोबर, कधी त्याच्याऐवजी, पाठीत, मानेत, जबड्यात, खांद्यात, हातात दुखतं. दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, उलटी होते, जीव घाबरा होतो, कधी न आलेला थकवा येतो. हे बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. यातलं एकेक सुटं घेतलं तर त्याला आपल्या घरात नाव तयार असतं: पित्त, गॅस, उसण, अशक्तपणा, बाहेरचं. दोन-तीन एकदम आले, विशेषतः घाम आणि दम, आणि पंधरा-वीस मिनिटं बसूनही उतरले नाहीत, तर ते पित्त नाही असंच धरून चालायचं. पुढे दवाखान्यात ते पित्त निघालं तर बरंच झालं. साखरेचा आजार असलेल्या बाईला तर दुखणं जाणवेलच असं नाही, तिच्याबाबत आणखी सावध राहायचं.

आता त्या अठरा-एकोणीस तासांकडे पुन्हा येऊ. हृदयाला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद झाली की त्या भागाचा स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते पहिल्या बारा तासांत द्यायचं, आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा खरा गुण. २००८ साली भारतातल्या अनेक रुग्णालयांतल्या वीस हजारांवर हृदयरुग्णांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला मोठ्या झटक्याच्या रुग्णांना लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. त्या रुग्णांत बायका जेमतेम चौथाई. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा उशिरा होतो हे त्याचं एक कारण. पण ज्या दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत त्या कुठल्या यादीत येणार?

आपल्या जिल्ह्यात अंतराची भर पडते. मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर, आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगरची घाटी आणखी तेवढीच. रस्ता कापायला लागतील ते तास लागतीलच. पण घरातून निघायला जे तास लागतात, ते आपल्या हातात आहेत, आणि तिथं प्रश्न ज्ञानाचा कमी, अधिकाराचा जास्त होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर एकटीनं जायची मोकळीक असलेल्या बायका देशात ४२ टक्के निघाल्या. स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या ५४ टक्के. म्हणजे निम्म्या घरांत १०८ फिरवायचा तरी आधी फोन मागावा लागणार, आणि मागताना कारण सांगावं लागणार. ‘छातीत दुखतंय’ हे कारण बाईच्या तोंडून निघालं की त्याला पहिलं उत्तर येतं, ‘पडून राहा थोडं.’ तेच सासऱ्याच्या तोंडून निघालं की दहा मिनिटांत गाडी दारात. यावर कुणाला राग आला तर येऊ द्या. मी दोन्ही प्रकार बघितलेत.

म्हणून बैठकीत मी पहिला ठराव असा मांडते: छातीत कळ, घाम, दम असं काही झालं, तर १०८ फिरवायला कुणाला विचारायचं नाही. सासूनं सुनेसाठी, सुनेनं सासूसाठी, शेजारणीनं शेजारणीसाठी फिरवायचा. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, तिला पैसे पडत नाहीत. मालक आल्यावर काय बोलतील, याचा विचार गाडीत बसल्यावर करायचा.

गाडी येईपर्यंत काय करायचं? बाईला बसवायचं, भिंतीला पाठ टेकून, गुडघे थोडे वर घेऊन. चालवायचं नाही, जिना चढवायचा नाही, ‘जरा फिरून ये म्हणजे गॅस सरेल’ हे तर अजिबात नाही. शेतात असेल तर बांधापर्यंतसुद्धा चालत न्यायची नाही, बाजेवर घालून आणायची. परकराची नाडी, चोळीची बटणं सैल करायची. पोट भरून पाणी, दूध, चहा पाजायचा नाही. ती शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्यायची. चावून म्हणजे चावूनच, पाण्याबरोबर आख्खी गिळून नव्हे. दुकानात ही डिस्प्रिन, इकोस्प्रिन अशा नावांनी मिळते. ७५ ची असेल तर चार गोळ्या. ॲस्पिरिननं पूर्वी अंगावर पित्त उठलं असेल किंवा दम लागला असेल, पोटात अल्सर असेल, काळी शी किंवा रक्ताची उलटी झालेली असेल, तर द्यायची नाही. तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, एक बाजू लुळी पडलीय, असं असेल तरीही नाही. तो मेंदूचा झटका असू शकतो, आणि त्यात ही गोळी घात करू शकते.

ही साधी, काही पैशांची गोळी काय करते याचा पुरावा १९८८ सालचा आहे. सतरा हजारांवर रुग्णांच्या एका प्रचंड चाचणीत ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतली मरणं जवळजवळ चौथाईनं कमी झाली. इतकं स्वस्त आणि इतकं सिद्ध झालेलं औषध आपल्या घरापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागावीत, आणि रंग उजळवणारी क्रीम मात्र वाडीवस्तीच्या किराणा दुकानात टांगलेली असावी!

गोळीऐवजी जे पोचलंय ते मोबाइलवरून. अटॅक आला की जोरजोरात खोकत राहा, हा संदेश मला वर्षातून चार वेळा येतो, प्रत्येक वेळी नव्या डॉक्टरच्या नावानं. घरी एकट्या असलेल्या माणसाला खोकून वाचता येतं, याला आधार नाही, आणि खोकण्यात फोन करायचा वेळ जातो. दुसरी चाल जिभेखालच्या सॉर्बिट्रेटची. शेजाऱ्याच्या घरातली, त्याच्या डॉक्टरनं त्याला दिलेली. ती रक्तदाब एकदम खाली आणते. आधीच दाब पडलेला असेल तर बाई जागीच बेशुद्ध होईल. जिला डॉक्टरनं लिहून दिली असेल तिनंच घ्यावी. आणि कांदा फोडून नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं हे आपले जुने उपाय. कुणीही पडलं की मिरगीच, असं धरून चाललेले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. अंगात आलं समजून पायावर डोकं ठेवणाऱ्या आळीतही माणूस गेलेला मी ऐकलाय. श्रद्धेबद्दल मला इथं वाद घालायचा नाही. अंगारा लावायचा तर लावा, पण १०८ फिरवून झाल्यावर.

आता दुसरी अवस्था. झटका येणं आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तमानपत्रंही त्यांची खिचडी करतात. पहिल्यात माणूस बोलतो, त्याची छाती दाबायची नाही. दुसऱ्यात तो पडतो, हाकेला ओ देत नाही, श्वास घेत नाही किंवा मासळीसारखा अधूनमधून आ वासतो. ते आ वासणं श्वास नव्हे. तिथं छाती दाबायची. दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सर्वसामान्य माणसांसाठी सोपी पद्धत ठरवून दिली. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायची गरज नाही, फक्त छाती दाबत राहायची. बाजेवर नाही, जमिनीवर, कारण बाज खाली जाते आणि छाती दबत नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, आणि पाच-सहा सेंटिमीटर खाली दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दुसरीनं जागा घ्यायची. बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो, तरी थांबायचं नाही. ज्यांनी उखळात मुसळ चालवलंय त्यांना ही लय शिकवावी लागत नाही.

खरं बोलायचं तर, वीज देऊन हृदय चालू करणारं यंत्र जवळ नसेल आणि गाडीला अर्धा तास लागणार असेल, तर नुसतं दाबून वाचणारे थोडेच. म्हणूनच मी म्हणते की पहिल्या अवस्थेचं शिक्षण महत्त्वाचं. ६ डिसेंबर २०२३ ला देशभर एकाच दिवशी छाती दाबण्याचं प्रशिक्षण झालं, लाखोंनी भाग घेतला, फोटो निघाले. चांगलं झालं. पण पाठीत दुखणाऱ्या, घामानं भिजलेल्या, कापूस वेचणाऱ्या बाईला ओळखायला त्या दिवशी किती जण शिकले?

तरीही थोडे का होईना वाचतात, आणि त्यांत बाई असणं-नसणं हा योगायोग उरत नाही. अमेरिकेतला एक अभ्यास २०१७ साली पुढे आला. सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना कुणा ना कुणाकडून छाती दाबण्याची मदत मिळाली, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. त्या मोकळ्या समाजात ही गत! लोक बाईच्या छातीला हात लावायला कचरतात, आरोपाला भितात. आणि शिकतात तेही पुरुषी छातीच्या पुतळ्यावर. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बाजारात मिळणारे असे वीस पुतळे तपासले. सगळ्यांची छाती सपाट, एकाच पुतळ्याला वरून स्तन बसवायची सोय. यातली गंमत म्हणा की विटंबना, १९६० मध्ये नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्यानं या प्रकारचा पहिला प्रसिद्ध पुतळा केला, तेव्हा त्याला चेहरा दिला तो पॅरिसच्या नदीत बुडून मेली असं सांगतात त्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्याचा. चेहरा बाईचा चालला, छाती नाही चालली. आणि त्याच सुमारास अमेरिकेत बाहेरून छाती दाबण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा तिनं वाचलेल्या पहिल्या रुग्णांत एक बाई होती.

आपल्या गावांत हा संकोच दुहेरी आहे. पडलेली बाई असेल तर पुरुष पुढे येत नाही, आणि आला तर उद्या काय बोलतील म्हणून तिच्याच घरचे अडवतात. उलट बाजूही बघा. भर दुपारी घरात सून आणि सासरा दोघंच आहेत. ज्याच्यासमोर ती आजवर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तो अंगणात पडलाय. तिनं त्याची बंडी वर करून छातीवर दोन्ही हात ठेवायचे आहेत. आमच्या एका शिबिरात हा प्रसंग मी बोलून दाखवला, तर सगळ्या तोंडावर पदर घेऊन हसत सुटल्या. हसून झाल्यावर मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, बाळंतपणात परक्या बाईचं सारं बघतो, तवा लाज कुठं असती? मग त्याच बायकांनी उपाय काढला. चौघींनी लुगड्याचा आडोसा धरायचा, जसा वाटेत अडलेल्या बाईसाठी धरतात, आणि पाचवीनं दाबायचं. कपडे काढायची गरज नसते, मंगळसूत्र आणि पदर बाजूला सारला की पुरतं. हात स्तनावर नाही, दोन्हींच्या मधल्या हाडावर असतो.

कायद्याची भीती घालणारे भेटतातच. ‘मेली तर केस होईल.’ २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं, ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३०, जुन्या भारतीय दंड विधानातलं ९२, सरळ सांगतं की ज्याला संमती देता येणं शक्य नाही अशा माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेली कृती, तिच्यातून इजा झाली तरी, गुन्हा ठरत नाही. हे पोलीस पाटलाच्या समोर एकदा वाचून दाखवा.

काही मैत्रिणींचा आक्षेप असतो, आणि तो मी हलका मानत नाही. सरकारनं करायचं काम पुन्हा बाईच्या गळ्यात का? आशाताईकडे आधीच इतकी रजिस्टरं आहेत. खरं आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. तातडीचे उपचार वेळेवर न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं कोर्टानं म्हटलं. हा निकाल आपण विसरायचा नाही. दवाखान्यात पाऊल ठेवताच ईसीजी काढा, ही मागणी हक्कानं करायची. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते, तेव्हा ‘आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला योजनेचा माणूस कुठं बसतो ते विचारायचं. आशाताईला नवं काम द्यायचं तर त्याचे पैसे द्या, आणि तिच्या पेटीत ॲस्पिरिनची पट्टी बारा महिने असू द्या. तिशीवरच्या सगळ्यांचा फॉर्म ती भरतेच, त्यात बाईच्या छातीबद्दल विचारलेला प्रश्न नुसता टिक मारून पुढे जाऊ नये.

पण सरकार येईपर्यंत शरीर थांबत नाही. आणि खेड्यातल्या अडाणी बायकांना हे काय जमणार, असं म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रानंच उत्तर दिलेलं आहे. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्यानं ज्या बायकांना आरोग्य शिकवलं, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या, आणि सवर्णांच्या घरात त्यांना आधी शिरू देत नव्हते. गडचिरोलीत ‘सर्च’नं ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायलासुद्धा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. बाळाला श्वास देऊ शकणारा हात मोठ्या माणसाची छाती का दाबू शकणार नाही? (अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ मराठी घरांत खूप वाचलं गेलं. तो एका पुरुषाचा, आणि स्वतः डॉक्टर असलेल्याचा अनुभव. एखाद्या बाईनं, शेतात काम करणारीनं, आपल्या झटक्याबद्दल सांगितलेलं मला अजून वाचायचं आहे. कुणी सांगणार असेल तर लिहून घ्यायला मी येईन.)

आम्ही सध्या एवढंच करतो. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वीस मिनिटं काढतो. एकजण लक्षणं सांगते, बाकीच्या ‘पित्त का झटका’ यावर भांडतात, आणि हे भांडण फार शिकवून जातं. घट्ट भरलेली उशी जमिनीवर ठेवून प्रत्येकजण दोन मिनिटं दाबते. गटाच्या शिलकीतून ॲस्पिरिनच्या दोन पट्ट्या घेतल्यात. एक अध्यक्षबाईच्या घरी, एक किराणा दुकानात. त्यांची मुदत संपायची तारीख गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असते. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे अशा बायकांची नावं आळीवार काढली. ज्या आळीत एकीकडेही नव्हता, तिथल्या शाळकरी मुलीला १०८ वर गावाचं नाव, फाटा आणि ओळखीची खूण कशी सांगायची ते पाठ करून घेतलं. आता दसऱ्यानंतर टोळ्या उसाला निघतील. तेव्हा मुकादमाकडे उचल घेतानाच विचारायचं ठरलंय: फडावरून जवळचा ईसीजी निघणारा दवाखाना कोणता, आणि रात्री गाडी कुणाची?